सुंठीची दुडकी

आमच्या घरात माणसाला शिंक आली तर ‘तिकडे तोंड कर’ म्हणतात, आणि घोड्याला आली तर डॉक्टरांना फोन जातो. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, गंमत करतात. गंमत वगैरे काही नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्याच तापात मी दिवसभर एकटी पडून होते, कारण तबेल्यात एका शिंगराने दाणे खाल्ले नव्हते. संध्याकाळी सासरे दारात येऊन म्हणाले, “खाल्लं हं त्याने!” मीही उठून बसले आणि म्हणाले, “बरं झालं बाई.” तेव्हाच मी बिघडले.

माझं शिक्षण खरं तर माणसांचं. हॉस्पिटलात लोकांचे मोडलेले, आखडलेले, शिवलेले हातपाय हलते करायचे, हे माझं काम होतं. इथे आल्यावर मी तेच घोड्यांवर करायला लागले. घोडी मला जास्त आवडली. व्यायाम केला नाही आणि केला म्हणून सांगितलं, असं घोडं कधी करत नाही.

सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात. घरात बाबा. उड्या मारणारी घोडी तयार करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. माझी नणंद त्या घोड्यांवर बसून स्पर्धांना जाते. तिला लहानपणापासून सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी कधी उभी राहिली नाही. माझा नवरा बाकीच्या घोड्यांना घेऊन गावोगाव फिरत असतो, त्यामुळे या गोष्टीत तो नाही. फोनवरून “काय म्हणाल्या डॉक्टर?” एवढंच तो विचारत होता, तेही दर तासाला.

आणि मग सुंठ. फिकट तपकिरी रंगाची घोडी आणि स्वभाव असा की जवळ गेलं की ठसका लागावा. पाणी गार लागलं तर बादलीला लाथ. शेजारच्या घोड्याला आधी चारा टाकला तर दिवसभर पाठ. पण भिंगरी पाठीवर बसली की हीच घोडी कान पुढे करून अडथळ्यांवरून अशी जायची की बघणाऱ्याने श्वास धरावा. दोघींचं जमायचं. दोघी एकसारख्याच तिखट, हे माझं मत, ते मी स्वयंपाकघराबाहेर कधी बोलले नाही.

मागच्या हंगामात एका स्पर्धेत सुंठ उडी मारून उतरली आणि तिच्या पुढच्या उजव्या पायाचं टेंडन दुखावलं. गुडघ्याच्या खाली मागच्या बाजूने दोरीसारखं जे जातं ना, ते. तेच तिच्या पायातलं स्प्रिंग. एकदा दुखावलं की सावकाश जुळतं, आणि घाई केली की पुन्हा तुटतं. महिनोन्‌महिने आम्ही तिची सेवा केली. आधी ठाणात नुसती उभी. मग दोर धरून चालणं, तेही सरळ रेषेत, वळणं मोठी. रोज गार पाणी. रोज माझी बोटं त्या टेंडनवरून वरून खाली, खालून वर. सुंठीने या काळात एक बादली, दोन दारांच्या कड्या आणि माझी एक ओढणी खाल्ली. मी तिला रोज शिव्या दिल्या आणि रोज तिच्या कपाळावर गाल टेकवून घरी आले.

घोडी आमची नव्हती, मालकिणीची होती. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी खूप थांबून पाहिलं होतं. पण शेवटी त्यांनी सांगितलं: या तपासणीत डॉक्टर म्हणाल्या की पाय बरा, तर घोडी भिंगरीकडे राहील आणि पुन्हा खेळेल. पाय बरा नसेल तर दूरच्या एका फार्मवर पैदाशीसाठी जाईल. “तिथे तिला कुरण मिळेल,” असंही त्या म्हणाल्या. खरं होतं ते. पण भिंगरी ऐकून घरी आली आणि भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

तोपर्यंत सगळं छान चाललं होतं. सोनोग्राफीत टेंडनचे तंतू एका दिशेने जुळताना दिसत होते. चालताना पाय स्वच्छ. मग हळूहळू दुडकी सुरू केली, म्हणजे चालण्याच्या पुढची, धावण्याच्या अलीकडची चाल. पहिले काही आठवडे तीही स्वच्छ. आणि मग तपासणी तोंडावर आली असताना एके दिवशी मला दिसलं: सुंठीची मान खाली-वर व्हायला लागली होती.

मान हलते म्हणजे काय, हे आमच्याकडे झोपेतून उठवून विचारलं तरी कुणीही सांगेल. पुढचा पाय दुखत असला की घोडं त्या पायावर भार नको म्हणून मान वर उचलतं, आणि चांगला पाय टेकला की मान खाली टाकतं. सुंठीची मान डावा पाय टेकताना खाली जात होती. म्हणजे दुखत होता तो उजवा. तोच.

मग आमच्या घरात जे सुरू झालं ते सांगायला नको, पण सांगते. मी म्हटलं, नाल चुकीचे बसलेत. नालवाला आला, त्याने नाल काढून पुन्हा ठोकले आणि जाताना माझ्याकडे न बघता गेला. भिंगरी म्हणाली, “वहिनी, तू जरा जोरात चोळतेस का?” मी म्हटलं, “आणि तू परवा तिला चिखलातून आणलंस, ते?” त्यावर जेवताना दोघींचं बोलणं बंद. मीठ हवं असलं तर बाबांना सांगायचं, बाबांनी तिला सांगायचं, तिने मीठ बाबांकडे द्यायचं.

बाबा मात्र कुणालाच काही बोलत नव्हते. उलट त्या दिवसांत त्यांनी अंगावरचं काम वाढवून घेतलं होतं. लिदीची हातगाडी दुसऱ्या कुणाला ढकलूच देत नव्हते. सकाळ-संध्याकाळ हातगाडीच्या दांड्या धरून तबेल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. “या वयात काय तब्येत आहे!” असं मी नवऱ्याला फोनवर कौतुकाने सांगितलंसुद्धा. हे माझं ज्ञान आणि हा माझा अभ्यास.

सुंठीला रोज दुडकीत पळवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं कामही बाबांचंच. आमच्या तबेल्यात पद्धत आहे, शिंगराच्या गळ्यात पहिला दोर ज्याने घातला, त्यानेच त्या घोड्याला डॉक्टरांपुढे पळवायचं. आपल्या माणसाबरोबर घोडं मोकळं पळतं, म्हणून. पळवणारा घोड्याच्या डाव्या बाजूला, दोर उजव्या हातात. आणि पाहणाऱ्यांनी काय करायचं? घोड्याचे पाय पाहायचे. बाबांनीच आम्हाला शिकवलं होतं: नजर पायांवरून काढायची नाही, पळवणाऱ्याकडे तर मुळीच बघायचं नाही. तो तिकडे जत्रेला गेलाय असं समजा, म्हणायचे. आम्ही आज्ञाधारक. कुणी म्हणजे कुणी बाबांकडे बघत नव्हतं.

तपासणीचा दिवस उजाडला. स्वच्छ ऊन होतं. डॉक्टर आल्या, नेहमीसारख्या घाईत, गळ्यातला स्टेथोस्कोप खांद्यावरून घसरलेला. सुंठीला बघून म्हणाल्या, “काय गं भवाने, ओळख आहे का?” सुंठीने कान मागे टाकले. ओळख होती.

डॉक्टरांनी पाय हातात घेतला. टेंडन दाबून पाहिलं, वाकवून पाहिलं. सूज नाही, गरम नाही, घोडीने पाय ओढून घेतला नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर तर त्या नुसत्या बघत राहिल्या. “किती सुंदर जुळलंय,” म्हणाल्या. “कुणाचे कष्ट हे?”

मी आणि भिंगरी दोघींनी एकदम एकमेकींकडे बोट दाखवलं. बऱ्याच दिवसांनी आम्ही हसलो.

“चला मास्तर,” डॉक्टर म्हणाल्या, “पळवून दाखवा.”

फरसबंद अंगणात बाबांनी सुंठीला नेलं. परत आले दुडकीत, आमच्याकडे तोंड करून. आणि मान हलली. डावा पाय, मान खाली. डावा पाय, मान खाली. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरत गेलं ते मला दिसत होतं.

“पुन्हा एकदा,” त्या म्हणाल्या.

पुन्हा तेच, जरा जास्तच. भिंगरीने माझं मनगट धरलं होतं. तिची नखं रुतत होती आणि मला त्याचा राग येत नव्हता.

“पडद्यावर मला काही सापडत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पण पळताना घोडी दुखतंय म्हणते, तर मी घोडीचंच ऐकणार. बाईंना खोटं कसं सांगू? मास्तर, शेवटचं एकदा.”

मला बघवेना. खरंच बघवेना. मी पाठ फिरवली आणि तबेल्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. भिंतीवर एक खिळा होता, त्याच्याकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते भिंगरीला दिसायला नको होतं.

मागून टापांचा आवाज यायला लागला.

टप. टप. टप. टप.

मी डोळे पुसायची थांबले. दुडकीत घोड्याचे पाय जोडीने पडतात, त्यामुळे ठेका सोपा असतो. पाय दुखत असला की तो ठेका बिघडतो. एक ठोका जड, एक हलका. हे ऐकायला कानाला शिकवावंही लागत नाही. आणि हा ठेका घड्याळासारखा होता. एकही ठोका हलका नव्हता.

पण त्याच्या जोडीला आणखी एक आवाज होता. धप्‌, खस्‌. धप्‌, खस्‌. एक पाय दणकन, एक पाय घासत. दोन पायांचा आवाज. बुटांचा.

मी गर्रकन वळले आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, घोडं पळत असताना घोड्याकडे न बघता माणसाकडे बघितलं.

बाबा लंगडत होते. थोडंथोडकं नाही, चांगलं दिसेल इतकं. उजवा गुडघा वाकतच नव्हता. दर पावलाला ते डाव्या पायावर धपकन उतरत होते, सगळं अंग खाली जात होतं, आणि अंगाबरोबर उजवा हात, हाताबरोबर दोर, दोराबरोबर सुंठीची मान. घोड्याबरोबर धावणारा माणूस नकळत त्याच्या पायांशी पाऊल जुळवतो. तिचा डावा, यांचा डावा. दोर त्यांनी इतका आखूड धरला होता की बिचारीला मान हलवल्यावाचून गत्यंतर नव्हतं. धरला होता कुठला, तिच्या आधाराने धावत होते ते!

माझी जीभ मुळात लांब आहे. विचार करून बोलायची सवय नाही.

“डॉक्टर, घोडी लंगडत नाहीये!” मी ओरडले. “बाबा लंगडतायत!”

अंगणात सगळं थांबलं. सुंठसुद्धा.

“कोण?” बाबा म्हणाले.

“तुम्ही.”

“मी? मी लंगडतोय? सूनबाई, तुझे डोळे तपासून घे.”

“उजवा गुडघा, बाबा. वाकवून दाखवा बरं.”

बाबांचा चेहरा लाल झाला. डॉक्टर एकदा त्यांच्या गुडघ्याकडे, एकदा दोराकडे बघत होत्या, आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला. “अरे देवा. तीन वेळा पळवलं तुम्हाला, आणि मी घोडीचे खूर बघत बसले! मास्तर, दोर जरा मुलीकडे द्या.”

बाबांनी दोर दिला नाही, टाकला. आणि पाण्याच्या टाकीजवळ जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. पाच पावलं असतील, पण ती लंगडत गेले, आणि आम्ही सगळे बघतोय हे त्यांना माहीत होतं.

भिंगरीने दोर सैल धरला आणि पळायला सुरुवात केली. सुंठ हलली नाही.

भिंगरीने पुन्हा प्रयत्न केला. गोड बोलली, रागावली, पाठीवर थोपटलं. सुंठीने चारही पाय रोवले होते आणि मान वळवून ती टाकीकडे बघत होती. आपला माणूस तिकडे असताना या लोकांबरोबर पळायचं कशाला, असा सरळ प्रश्न तिच्या तोंडावर होता. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुढे आणखी दोन तबेले होते.

मी टाकीजवळ गेले.

“बाबा, तुम्ही आवाज दिल्याशिवाय ती पळणार नाही.”

“मला काही झालेलं नाही,” ते टाकीला म्हणाले.

“बरं. काही झालेलं नाही. मग द्या की आवाज.”

त्यांना माझ्याइतकंच कळत होतं, माझ्यापेक्षा जास्तच. ती सरळ पळाली, तर लंगडा कोण ते अंगणात सगळ्यांसमोर ठरणार. आणि आवाज दिला नाही, तर घोडी फार्मवर जाणार आणि त्यांच्या गुडघ्याची गोष्ट झाकलेली राहणार. ते वळले. त्यांनी सुंठीकडे पाहिलं, मग भिंगरीकडे. भिंगरी दोर धरून उभी होती. तिने “बाबा” म्हटलं नाही, विनवणी केली नाही. नुसती उभी होती, जी कधी एका जागी उभी राहत नाही ती.

बाबांनी जीभ टाळूला लावली. टक्‌, टक्‌.

सुंठ निघाली. काय निघाली! शेपूट उचलून, कान पुढे, दोर मध्ये झोके घेतोय आणि भिंगरीला तिच्या बरोबरीने राहायला धावावं लागतंय. मान अशी स्थिर की कपाळावर काठोकाठ भरलेली वाटी ठेवली असती तरी थेंब सांडला नसता. टप, टप, टप, टप. अंगणाच्या टोकाला जाऊन दोघी वळल्या आणि परत आल्या, आणि येताना सुंठीने मुद्दाम एक उडी मारून दाखवली, जी कुणी मागितली नव्हती.

“सरळ!” बाबा ओरडले. “बघितलंत का? सरळ! अगं परत ने, परत! सरळ पळतेय माझी पोरगी!” आणि सगळं विसरून ते टाकीपासून लंगडत लंगडत त्यांच्यामागे धावायला लागले. धप्‌, खस्‌. धप्‌, खस्‌. डॉक्टर इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

मग डॉक्टरांनी सुंठीला गोलात पळवून पाहिलं, डावीकडून, उजवीकडून, मऊ मातीत, फरशीवर. मी दर वेळी पायांकडे बघितलं आणि खात्री म्हणून भिंगरीकडेही. शेवटी डॉक्टरांनी तिथूनच मालकिणीला फोन लावला. “घोडी ठणठणीत आहे,” त्या म्हणाल्या. “हो, हो, राहू दे इथेच. उद्यापासून खोगीर घाला, उड्यांना अजून अवकाश आहे.” भिंगरीने सुंठीच्या मानेत तोंड खुपसलं आणि ती हमसून हमसून रडायला लागली. सुंठीने हे सहन केलं. तिला अशी लाडीगोडी आवडत नाही, पण त्या दिवशी तिने डोळे मिटून घेतले आणि तिला हवं तेवढं रडू दिलं. माझंही तिथे काही वेगळं चाललं नव्हतं.

“आता मास्तर,” डॉक्टर म्हणाल्या. “मी माणसांची डॉक्टर नाही. पण पँट वर करा.”

बाबा दगडी पायरीवर बसले. गुडघा टम्म सुजला होता. कोठीतल्या शिडीवरून पाय घसरला होता म्हणे. कधी, ते आम्हाला विचारावं लागलं नाही. सुंठीची मान हलायला लागली त्याच्या आदल्या दिवशी. आणि हातगाडी? हातगाडी ही त्यांची कुबडी होती. मी, जिने इतकी वर्षं हॉस्पिटलात लोकांचे गुडघे हातात घेतले, ती मी त्याला तब्येत म्हणत होते.

“बोलला का नाहीत?” भिंगरीने विचारलं. डोळे सुजलेले, पण आवाज चढलेला.

“काय बोलायचं?” बाबा म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते. “लंगड्याचं काय करतात ते मला माहीत नाही का? आधी ठाणात उभं करतात. मग चार माणसं अंगणात जमून ठरवतात, ठेवायचा की पाठवायचा.”

एवढं मनात घेऊन हा माणूस रोज पहाटे हातगाडी ढकलत होता, आणि आम्ही मिठावरून भांडत होतो.

मग भिंगरी त्यांच्यासमोर फरशीवरच बसली. “बाबा,” ती म्हणाली, “हिचे आम्ही इतके लाड केले. ही चावते. लाथा मारते. वहिनीची ओढणी खाल्ली. तुम्ही तर अजून कुणाची ओढणीसुद्धा खाल्ली नाहीत. तुम्हाला आम्ही पाठवू?”

बाबांना हसू आवरेना. हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि त्यांनी तो उपरण्याने पुसला, बराच वेळ पुसला.

मी त्यांचा गुडघा दोन्ही हातांत घेतला. हाड शाबूत होतं. बोटांना लगेच कळलं, आणि एक्स-रे काढायचाच होता तरी छातीवरचा दगड उतरला. “महिनाभर माझं ऐकायचं,” मी म्हणाले. “आधी आराम. मग चालणं, सरळ रेषेत. वळणं मोठी घ्यायची.”

“आणि गाडी?”

“हातगाडीचं नाव काढाल तर ठाणात बांधून ठेवीन.”

“ही अशीच,” बाबा डॉक्टरांना म्हणाले. “घोड्यांशी तरी गोड बोलते.”

घराकडे निघालो. मी हात पुढे केला, नेहमीप्रमाणे ते झिडकारतील असं धरूनच. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आधी नुसता ठेवला, शोभेपुरता. दोन पावलांनंतर सगळा भार टाकला. चांगला वजनदार माणूस आहे. मीही दर पावलाला त्यांच्याबरोबर खाली जायला लागले, खाली आणि वर, खाली आणि वर.

“जरा सैल धर,” ते कानाशी पुटपुटले. “नाहीतर लोक म्हणतील, मास्तरांची सूनच लंगडी आहे.”

“म्हणू देत,” मी म्हणाले, आणि त्यांना आणखी घट्ट धरलं.